१९४० चं आकाश : लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये खरेपणा आणायचा कसा?

घारीचा_डोळा (धागाकर्ता)

जुन्या संगणक खेळांच्या धाग्यावर विमानांचं बोलणं इतकं वाढलं की मूळ विषय बाजूलाच पडला, म्हणून हा स्वतंत्र धागा काढतोय. तिथे काही जणांनी विचारलं होतं की सिम्युलेटर खराखुरा वाटावा म्हणून काय घ्यावं. जॉयस्टिक कुठली, पेडल लागतात का, व्हीआरला (डोळ्यांवर चढवायच्या पडद्याला) पैसे घालावेत का. त्यावर बोलूच, पण माझं मत आधी सांगतो. खरेपणाची सुरुवात खरेदीपासून होत नाही. त्या काळच्या वैमानिकाला जे दिसत नव्हतं ते आपण बघायचं नाही, आणि त्याला जी कामं करावी लागत ती आपण टाळायची नाहीत. एवढं पाळलं तरी साध्या जॉयस्टिकवर घाम फुटतो.

मी लिहितोय ते मुख्यतः 'इल-२ स्टर्मोव्हिक : क्लिफ्स ऑफ डोव्हर ब्लिट्झ'बद्दल. मूळ खेळ २०११ चा. टीम फ्यूजन या चाहत्यांच्या गटाने तो खपून सुधारला आणि २०१७ मध्ये ब्लिट्झ आवृत्ती आली. विषय ब्रिटनची लढाई, म्हणजे ब्रिटिश आणि जर्मन हवाई दलांची झुंज, १९४० चा उन्हाळा आणि इंग्लिश खाडीवरचं आकाश. डीसीएस किंवा इल-२ ग्रेट बॅटल्स हे दुसरे सिम्युलेटर खेळणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

सेटिंगमध्ये जाऊन विमानांवरच्या नावाच्या पाट्या, बाहेरून बघायचा कॅमेरा आणि नकाशावर आपलं विमान दाखवणारा ठिपका बंद करा. हे बरेच जण करतात. सहसा कुणी करत नाही ते म्हणजे 'शत्रूचं विमान पाडलं' हा पडद्यावरचा संदेश बंद करणं. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक यानेच पडतो. १५ सप्टेंबर १९४० ला आरएएफने (ब्रिटिश हवाई दलाने) १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं. युद्धानंतर जर्मन नोंदी तपासल्या तेव्हा आकडा साठाच्या आसपास निघाला. वैमानिक थापा मारत होते असं नाही. एकाच हाइंकेलवर, म्हणजे जर्मन बॉम्बफेकी विमानावर, चौघे गोळ्या झाडतात, ते धूर सोडत ढगात शिरतं आणि चौघांनाही वाटतं की ते आपणच पाडलं. पुढे त्याचं काय झालं हे बघत बसायची सोय नसते, कारण बघत बसलेल्याच्या शेपटीला कुणीतरी लागतंच. संदेश बंद केला की आपलीही तीच गत होते. उतरल्यावर कागद घ्या आणि अहवाल लिहा: किती वाजता, किती उंचीवर, किती अंतरावरून, किती सेकंद गोळीबार केला, शेवटचं काय दिसलं. मग ठरवा, 'नष्ट' म्हणायचं, 'बहुधा नष्ट' की नुसतं 'नुकसान'. हे ठरवताना मन कसं स्वतःच्या बाजूने झुकतं ते अनुभवण्यासारखं आहे.

गोळ्यांचा हिशेब ठेवा. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाला आठ ब्राउनिंग मशीनगन, प्रत्येकीला ३०० गोळ्या. बटण दाबून धरलं तर पंधरा सेकंदांत सगळं संपतं. सगळ्या मशीनगनच्या गोळ्या आधी ४०० यार्डांवर एकत्र येतील अशा लावलेल्या असत. अनुभवी वैमानिकांनी ते अंतर २५० वर आणलं. खेळातही ते बदलता येतं. २५० लावा आणि तेवढं जवळ जाईपर्यंत बटणाला हात लावू नका.

आता दिशा. ठिपका नसेल तर आपण कुठे आहोत हे स्वतः शोधावं लागतं, आणि खेळाचा हा भाग मला सर्वात आवडतो. स्पिटफायरचं होकायंत्र पुढच्या पॅनलखाली, जवळजवळ गुडघ्यांच्या मध्ये, आडवं बसवलेलं आहे. त्याची बाहेरची कडी फिरवून हवी ती दिशा लावायची आणि मग सुई कडीवरच्या तारांना समांतर येईपर्यंत विमान वळवायचं. समोरचं जायरो (फिरत्या चाकावर चालणारं दिशादर्शक) वाचायला सोपं असतं, पण त्याला स्वतःला उत्तर दिशा कळत नाही. सरळ, एका पातळीत उडताना होकायंत्र बघून ते लावायचं. कसरती केल्या की ते चुकतं, शांतपणे उडतानाही हळूहळू सरकतं. त्यात १९४० साली दक्षिण इंग्लंडमध्ये चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या पश्चिमेला सुमारे १० अंश होती, म्हणजे नकाशावर मोजलेल्या कोनात तेवढे मिळवावे लागतात. एवढं करूनही शेवटी खाली बघावंच लागतं. टेम्सचं मुख, शेपी बेट, आणि रेडहिलहून टनब्रिजमार्गे ॲशफर्डकडे जाणारा, पट्टीने आखल्यासारखा सरळ रेल्वेमार्ग. त्या काळचे वैमानिकही याच रुळांवरून वाट काढत.

शेवटचा मुद्दा इंजिनाचा. स्पिटफायर आणि हरिकेन या दोन्ही ब्रिटिश विमानांच्या मर्लिन इंजिनाला तरंगत्या गोळ्याचा कार्बोरेटर होता. दांडा एकदम पुढे ढकलून नाक खाली घातलं की इंधन वर उसळतं आणि इंजिन खोकतं. जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ ला थेट इंधन फवारणी असल्यामुळे तो सरळ नाक खाली घालून निसटतो. त्याच्या मागे जायचं तर आधी उलटं व्हायचं आणि मग दांडा ओढायचा. ब्रिटिश अभियंता बिअट्रिस शिलिंग यांनी यावर छोट्या चकतीचा साधा इलाज काढला तो १९४१ च्या सुरुवातीला, म्हणजे १९४० ची मोहीम खेळताना तो तुमच्याकडे नाही. याउलट १०९ घेऊन लंडनपर्यंत जाऊन बघा. तिथे लढायला जेमतेम दहा-वीस मिनिटं मिळतात. मग इंधनाचा लाल दिवा, आणि खाली खाडीचं पाणी.

तुम्ही काय काय करता ते लिहा.

रानजाई

लेख आवडला, वाचनखूण साठवली. पण पाट्या सरसकट बंद करण्याशी मी सहमत नाही. कठीण केलं म्हणजे खरं झालं असं होत नाही.

हिशेब करून बघा. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, वेगळा ओळखता येतो. आपला पडदा आडवा १९२० ठिपक्यांचा. त्यात आपण ९० अंशांचं दृश्य बघत असू तर एका ठिपक्यात जवळजवळ तीन कला बसतात. म्हणजे खेळाने आपल्याला खऱ्या वैमानिकाच्या तिप्पट अधू नजर दिलेली असते. आरएएफने निवडलेल्या तरुणाला जे विमान दिसलं असतं ते आपल्याला दिसतच नाही, आणि त्याला आपण खरेपणा म्हणतो.

मी दोन गोष्टी करते. झूम बिनदिक्कत वापरते, कारण ती दुर्बीण नाही, हिरावलेली नजर परत मिळवणं आहे. आणि जिथे सेटिंग परवानगी देतं तिथे पाटी फक्त जवळच्या अंतरापुरती ठेवते, नाव आणि रंग न दाखवणारी. 'तिकडे काहीतरी आहे' एवढंच कळावं. ते आपलं की परकं हे पंखांच्या आकारावरून मीच ओळखायचं. त्या काळीही ओळखण्यात चुका होत आणि स्वतःच्याच माणसांवर गोळ्या झाडल्या जात. ती शक्यता खेळात राहिली पाहिजे.

घारीचा_डोळा

रानजाई, तीन कलांचा हिशेब मला पटला. मोठ्या ४के पडद्याजवळ बसणाऱ्यांना पाटीची गरज कमी, लॅपटॉपवाल्यांना जास्त, असं म्हणता येईल. रंग आणि नाव मात्र कुणीच ठेवू नये. जर्मन युंकर्स ८८ आणि ब्रिटिश ब्लेनहाइम ही बॉम्बफेकी विमानं लांबून एकसारखी दिसतात, आणि ती शंका मनात असतानाच बटण दाबायचं की नाही हे ठरवावं लागतं.

जुना_तंत्रज्ञ

मी हवाई दलात डकोटांच्या इंजिनांवर काम केलं आहे. नातू हा खेळ खेळतो म्हणून मी बघायला बसतो. तो एक कळ दाबतो आणि इंजिन आपोआप सुरू होतं, ते बघून मला राहवत नाही.

सुरू करण्याचा पूर्ण क्रम हाताने करा. इंधनाचा कॉक, थंड इंजिनाला हातपंपाने इंधन, दोन्ही मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारी यंत्रं), मग स्टार्टर. सुरू झालं की तेल गरम होईपर्यंत थांबा. थंड घट्ट तेलावर पूर्ण शक्ती मागितली तर बेअरिंगची वाट लागते. उड्डाणाआधी एकेक मॅग्नेटो बंद करून फेरे किती उतरतात ते पाहा. जास्त उतरले तर विमान परत द्या. खरा वैमानिक तेच करी.

पण स्पिटफायरच्या बाबतीत फार वेळ थांबताही येत नाही, हे लक्षात ठेवा. तिचा रेडिएटर उजव्या पंखाखाली आहे आणि चाकं खाली असताना त्या बाजूचा पाय त्याच्या हवेच्या वाटेत येतो. जमिनीवर इंजिन भराभर तापतं. म्हणजे तेल पुरेसं गरम व्हायला हवं आणि पाणी उकळायच्या आत उडायला हवं. समोर लांबलचक नाक असल्यामुळे धावपट्टीकडे जाताना काहीच दिसत नाही, डावी-उजवीकडे नागमोडी जावं लागतं आणि त्यात आणखी वेळ जातो. हे सगळं करून वेळेत हवेत जाणं हीच एक परीक्षा आहे.

सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये चाकं हातपंपाने वर घ्यावी लागत आणि पंप उजव्या हाताला होता. उड्डाण झालं की डावा हात दांड्यावर आणायचा आणि उजव्याने पंप मारायचा. नवख्याचं विमान त्या पंपाच्या तालावर वर-खाली होत जाई. लांबून बघणाऱ्याला लगेच कळायचं की आत नवा मुलगा आहे.

आणखी एक. उड्डाणाआधी वैमानिक फॉर्म ७०० वर सही करी. विमान तपासलेलं आहे, इंधन आणि गोळ्या भरलेल्या आहेत, आणि आता ते माझ्या ताब्यात आहे, असा त्याचा अर्थ. फिटर (इंजिन बघणारा), रिगर (विमानाचा सांगाडा बघणारा), आर्मरर (शस्त्रं बघणारा) या सगळ्यांच्या सह्या त्याच्या वर असत. तुमच्या खेळात ही माणसं दिसत नाहीत. निदान त्या कागदावर तरी ती राहू द्या.

वैतरणा

काका, फॉर्म ७०० ची कल्पना जबरदस्त आहे. आम्ही हा फॉर्म नक्की वापरणार.

मी यंत्रसामग्रीबद्दल लिहितो. हातात पैसे मोजकेच असतील तर जॉयस्टिक बदलण्याआधी मान फिरवायची सोय करा. त्या वैमानिकांची मान सतत फिरायची, कॉलर घासून सोलवटायची, म्हणून गळ्याला रेशमी रुमाल बांधत. आपण अंगठ्याने छोटं बटण फिरवून मागे बघतो, तिथे सगळी मजा जाते.

मान वळली की पडद्यावरचं दृश्य वळवणारं विकतचं ट्रॅकआयआर महाग पडतं. मी घरी केलं ते सांगतो. प्लेस्टेशन ३ चा जुना पीएस३ आय कॅमेरा घेतला. लेन्स उघडून आतली इन्फ्रारेड अडवणारी काच काढली आणि तिच्या जागी धुतलेल्या फोटो फिल्मचा पूर्ण काळा तुकडा दुमडून बसवला, म्हणजे साधा प्रकाश अडतो आणि इन्फ्रारेड आत येतो. तीन इन्फ्रारेड एलईडी आणि ४७ ओहमचा रेझिस्टर पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळाले. तिन्ही एलईडी एकामागोमाग जोडले, यूएसबीच्या ५ व्होल्टवर छान चालतात. एलईडी रुंद कोनाचे घ्या, अरुंद कोनाचे मान वळवली की कॅमेऱ्याला दिसेनासे होतात. ते हेडफोनच्या एका बाजूला उभ्या पट्टीवर बसवले. कॅमेऱ्यावरून मान ओळखणारं ओपनट्रॅक सॉफ्टवेअर फुकट आहे. सॉफ्टवेअरमधल्या वक्राची मात्र निगुतीने जुळणी करा: मधले काही अंश संथ ठेवा म्हणजे नेम धरताना दृश्य थरथरत नाही, आणि कडेला वेगवान, म्हणजे मान थोडी वळवली तरी पूर्ण मागे बघता येतं. मागे बघताना डोकं पाठीच्या चिलखताला अडतं आणि दोन्ही बाजू सारख्या दिसत नाहीत, हे मला तेव्हाच पहिल्यांदा जाणवलं.

पेडल नसतील तर निदान पिळता येणारी जॉयस्टिक हवी. खुर्चीखाली बास शेकर (आवाजाबरोबर थरथरणारं यंत्र) लावला तर गोळीबार आणि इंजिनाची घरघर अंगाला जाणवते. पण तो नंतर.

नवखी_भरारी

सगळं वाचून भारी वाटतंय आणि थोडी धास्तीही वाटतेय. घरी लहान बाळ आहे, रात्री पाऊण तास मिळाला तर मिळाला. साधा लॅपटॉप, साधी जॉयस्टिक. एवढ्या वेळात इंजिन गरम करत बसू की लढू? यातली एकच गोष्ट करायची तर कुठली करू?

घारीचा_डोळा

एकच करायची तर मोहिमेत आपला वैमानिक मेला की तो खरंच मेला असं धरायचं. पुन्हा सुरू करायचं नाही, त्याची वही तिथेच बंद. त्या लढाईत फायटर कमांडचे (आरएएफच्या लढाऊ विमानांच्या विभागाचे) २,९०० हून अधिक लोक उडाले, त्यातले ५४४ लढाईतच गेले. हा एक नियम घातला की बाकीचं आपोआप बदलतं. पाच विमानांच्या घोळक्यात एकटं घुसावंसं वाटत नाही. इंजिनातून धूर आला की आपण घरी वळतो. काही न पाडता सुखरूप उतरलो तरी बरं वाटतं, आणि त्या वैमानिकांतल्या बहुतेकांनी एकही विमान पाडलं नव्हतं, तरी ते रोज वर जात होते.

पाऊण तास पुरेसा आहे. डोव्हरजवळची खाडी जेमतेम ३३ किलोमीटर रुंद आहे. हॉकिंज तळावरून उडालात तर चढता चढताच लढाई गाठते.

केंटचा_मराठी

मी केंटमध्ये राहतो. डोव्हर आणि फोकस्टोनच्या मधे कॅपल-ल-फर्नला या लढाईचं स्मारक आहे, खाडीकडे बघत बसलेल्या वैमानिकाचा पुतळा आहे. कुणी इकडे आलं तर जरूर जा. पण सिम्युलेटरवाल्यांनी त्याहून आधी लंडनच्या पश्चिमेला अक्सब्रिजचा बंकर बघावा असं मला वाटतं. आग्नेय इंग्लंडचं रक्षण करणाऱ्या आरएएफच्या ११ ग्रुपची लढाई जमिनीखाली सुमारे ६० फुटांवरच्या या खोलीतून चालवली गेली.

मधोमध मोठा नकाशा टेबलावर पसरलेला आहे आणि भिंतीवर एक घड्याळ आहे. त्याच्या तबकडीवर पाच-पाच मिनिटांचे त्रिकोण लाल, पिवळे आणि निळे रंगवलेले. बातमी येई तेव्हा काटा ज्या रंगावर असेल त्याच रंगाची खूण टेबलावर ठेवत. त्यामुळे वर सज्जातून बघणाऱ्याला एका नजरेत कळे की ही बातमी ताजी आहे की शिळी. मला तिथे उभं राहिल्यावर जाणवलं की आपण खेळताना हा अर्धा भाग पूर्ण विसरतो. वैमानिक स्वतः शत्रू शोधत भटकत नव्हता. रडारचे मनोरे समुद्राकडे बघत, किनारा ओलांडला की ऑब्झर्व्हर कोअरची माणसं डोळ्यांनी आणि कानांनी मोजत, सगळं टेबलावर येई आणि सेक्टरचा कंट्रोलर वायरलेसवरून दिशा देई. उंचीचे अंदाज तर बरेचदा चुकत. पंधरा हजार फुटांवर सांगितलेली विमानं वीस हजारांवर निघत, आणि तीही सूर्याच्या बाजूने.

माझी सूचना अशी. आपल्यातल्या एकाने उडायचंच नाही. त्याने कंट्रोलर व्हायचं. त्याला सर्व्हरवरची स्थिती काही मिनिटं उशिरा आणि मुद्दाम थोडी चुकीची मिळावी, त्याने छापील नकाशावर रंगीत सोंगट्या मांडाव्यात आणि 'व्हेक्टर एक-दोन-शून्य, एंजल्स पंधरा' (दिशा १२० अंश, उंची पंधरा हजार फूट) असं सांगावं. इल-२ ग्रेट बॅटल्स आणि डीसीएसला एसआरएस हे वायरलेससारखं बोलायचं सॉफ्टवेअर आहे, आपल्याला डिस्कॉर्डवर भागवता येईल.

त्यात आणखी एक भर. तेव्हाच्या टीआर९डी वायरलेसला पिपस्क्वीक नावाची सोय होती. स्क्वाड्रनमधल्या एका विमानाचा वायरलेस दर मिनिटाला १४ सेकंद आपोआप खुणेचा सूर सोडी, त्यावरून जमिनीवरची केंद्रं त्याची जागा काढत. तेवढे १४ सेकंद त्या वैमानिकाला बोलता येत नसे. आपणही एकाला नेमून हा नियम पाळू शकतो. ऐन वेळी इशारा द्यायचाय आणि तोंड बंद, हे किती जीवघेणं असेल.

निळाई

फार सुंदर धागा. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आपली माणसं यात कुठे आहेत? ऑक्टोबर १९४० मध्ये २४ भारतीय वैमानिक ब्रिटनला पोचले होते. त्यातले महिंदरसिंग पुजी १९४१ मध्ये हरिकेन उडवत, तेही पगडी घालून. आणि १९४४ मध्ये इंफाळला अर्जनसिंगांची एक नंबर स्क्वाड्रन हरिकेनवरच होती. तिचं मुख्य काम टेहळणीचं. डोंगरांच्या मधून खाली खाली उडायचं, जंगलात काय हालतंय ते बघायचं आणि परत येऊन नेमकं सांगायचं. अशी मोहीम कुणी खेळून बघितली आहे का?

घारीचा_डोळा

निळाई, क्लिफ्स ऑफ डोव्हरमध्ये इंफाळ नाही, पण ते काम कुठल्याही नकाशावर करता येतं. मोहीम अशी लिहायची की एका रस्त्यावरून जायचं, ट्रक आणि तोफा मोजायच्या, दिशा लिहायची, परत यायचं. गोळी झाडायची नाही. उतरल्यावर मोहीम लिहिणाऱ्याने आपला आकडा खऱ्याशी ताडून बघायचा. खाली उडताना एका हाताने विमान सांभाळत मांडीवरच्या कागदावर पेन्सिलीने आकडा लिहायचा, हे करून बघाच. २०२० मध्ये आलेल्या टोब्रुक या खेळाच्या पुरवणी भागात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातले रस्ते आहेत, तिथे हे छान जमेल. अर्जनसिंगांना डीएफसी हे शौर्यपदक मिळालं ते याच काळातल्या कामासाठी.

केंटकर, कंट्रोलरची कल्पना आपण अमलात आणूच. या रविवारी भारतात रात्री ९, म्हणजे तुमच्याकडे दुपारी साडेचार. तळ हॉकिंज, काळ ऑगस्ट १९४० चा शेवट. कंट्रोलर तुम्हीच व्हा. पाट्या रानजाईंच्या पद्धतीने. पिपस्क्वीक वैतरणाकडे.

जुना_तंत्रज्ञ

फॉर्म ७०० चा नमुना मराठीत करून शनिवारपर्यंत इथे टाकतो. ज्याची सही नसेल त्याला उडू देऊ नका.

नवखी_भरारी

मी येतेय. साध्या हेडफोनचा माइक चालेल ना? आणि रेडहिल-ॲशफर्ड रुळांचा नकाशा कुठल्या मापाचा छापू?

केंटचा_मराठी

माइक चालेल, तेव्हाच्या वायरलेसवरही खरखरच असायची. नकाशा ए३ वर छापा, एक सेंटिमीटरला अडीच किलोमीटर. पश्चिमेला रेडहिल आणि पूर्वेला डोव्हर दोन्ही त्यात मावतात, आणि दक्षिणेला थोडी खाडीही राहते. कोनमापक विसरू नका.